अमेरिकेच्या डोंगरजंगलात सोबत हँडगन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती अमेरिकेत राहणाऱ्या, ट्रेकिंग-कॅम्पिंग करणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. हँडगन म्हणजे हातात धरून चालवायची छोटी बंदूक, पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. राज्याराज्यांचे कायदे सारखे बदलतात. निघण्याआधी ज्या राज्यांतून जाणार त्या प्रत्येकाचा आजचा नियम त्या राज्याच्या पोलिसांच्या किंवा ॲटर्नी जनरलच्या अधिकृत पानावर स्वतः वाचा.

एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ वर असताना हँडगन घेता येते का?

हा प्रश्न सगळ्यात आधी, कारण इथली चूक नोकरी आणि व्हिसा दोन्हींवर बेतते. नॉन-इमिग्रंट व्हिसावर देशात आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. याला काही ठरावीक अपवाद आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा अपवाद म्हणजे एखाद्या अमेरिकी राज्याने दिलेला आणि मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. बहुतेक राज्यांत त्यासाठी हंटर सेफ्टीचा कोर्स करावा लागतो. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, हे बरेच जण विसरतात.

‘जवळ बाळगणं’ याचा अर्थ मालकीपेक्षा खूप व्यापक आहे. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने पिस्तूल घेऊन चार गोळ्या झाडणं हेही त्यात येतं. नवरा ग्रीन कार्डधारक आणि बायको एच-४ वर असेल, तर नवऱ्याच्या पिस्तुलाच्या तिजोरीचा कोड बायकोला माहीत असणंही अडचणीचं ठरू शकतं. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असणं म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. ग्रीन कार्ड हातात आल्यावर ही फेडरल मनाई उरत नाही, पण राज्याच्या अटी राहतात. दुकानात खरेदीच्या वेळी भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर खोटी माहिती देणं हा फेडरल गुन्हा आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. जराही शंका असेल तर दुकानदाराला विचारून भागवू नका, इमिग्रेशन वकिलाला विचारा.

विकत कुठून आणि कशी घ्यायची?

परवानाधारक विक्रेत्याकडून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण लागतं. हँडगन तुमच्या राहत्या राज्यातल्या विक्रेत्याकडूनच हातात मिळते. दुसऱ्या राज्यात पसंत पडली, तर ती तिथून तुमच्या राज्यातल्या विक्रेत्याकडे पाठवून घ्यावी लागते. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी खरेदीचा वेगळा परवाना लागतो. कॅलिफोर्नियात विक्रेत्याला नव्या हँडगन राज्याच्या मान्य यादीतल्याच विकता येतात.

अस्वलांसाठी खरंच बंदूक लागते का?

बहुतेक ठिकाणी नाही. आधी कुठे जाताय ते बघा. ग्रिझली, म्हणजे मोठी तपकिरी अस्वलं, अलास्कात आहेत. खालच्या (अलास्का-हवाई सोडून उरलेल्या ४८) राज्यांत त्या प्रामुख्याने यलोस्टोनच्या आसपास, माँटानात ग्लेशियरच्या परिसरात आणि आयडाहो-वॉशिंग्टनच्या उत्तर टोकाला आहेत. स्मोकी माउंटन्स, शेनँडोआ, कॅट्सकिल्स, योसेमिटी इथे फक्त काळं अस्वल. ते सहसा तुमच्या खाण्यासाठी येतं, आणि त्यावर खरा उपाय बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा खाण्याचा डबा, हाच.

अलास्कातल्या घटनांचे दोन अभ्यास या चर्चेत नेहमी येतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेअर स्प्रेने (अस्वलावर मारायच्या तिखट फवाऱ्याने) तपकिरी अस्वलं ९२ टक्के आणि काळी अस्वलं ९० टक्के वेळा थांबली. २०१२ च्या अभ्यासात १८८३ ते २००९ मधल्या बंदुकीच्या २६९ घटना तपासल्या. त्यात हँडगन ८४ टक्के आणि लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के वेळा उपयोगी पडल्या. पण बंदूक वापरलेल्या आणि न वापरलेल्या माणसांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. हे आकडे शेजारी ठेवून सरळ तुलना करणं चूक आहे, कारण स्प्रेच्या घटनांत नुसती कुतूहलाने जवळ आलेली अस्वलंही बरीच होती. तरी स्प्रेच्या बाजूने एक मुद्दा पक्का आहे. स्प्रेचा ढग रुंद पसरतो, त्यामुळे थरथरत्या हातालाही तो साधतो. गोळीला नेम लागतो.

म्हणून आमचा सल्ला ठाम आहे: ग्रिझलीच्या प्रदेशात स्प्रे प्रत्येकाकडे हवाच, आणि बंदूक त्याच्या जोडीला, तीही नियमित सराव करणाऱ्याकडेच.

स्प्रे घेताना काय बघायचं?

डब्यावर ‘बेअर’ लिहिलेलं आणि ईपीएची (फेडरल पर्यावरण संस्थेची) नोंदणी असलेला घ्या. माणसांसाठीचा पेपर स्प्रे चालत नाही. किमान ७.९ औंस, २५ फुटांचा पल्ला आणि ६ सेकंदांचा फवारा हवा. तळाशी मुदत छापलेली असते. मुदत उलटली की दाब कमी झालेला असू शकतो. विमानात तो ना हातातल्या बॅगेत चालतो, ना चेक-इनमध्ये, तेव्हा उतरल्यावर विकत घ्या. योसेमिटीत बेअर स्प्रेला मनाई आहे.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर?

दोन्ही बिघडतात, पण वेगवेगळ्या प्रकारे. निवड करताना हे बिघाड समजून घेतलेले बरे.

पिस्तुलात १० ते १५ गोळ्या मावतात, धक्का कमी जाणवतो आणि पुन्हा भरणं झटपट होतं. पण मनगट सैल राहिलं तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) पूर्ण मागे जात नाही आणि रिकामं काडतूस बाहेर पडण्याच्या झरोक्यात उभं अडकतं. वजनाला हलक्या पॉलिमरच्या पिस्तुलांत हे जास्त होतं. दुसरा धोका असा की नळीचं तोंड प्राण्याच्या अंगावर दाबलं गेलं, तर स्लाइड जराशी मागे सरकते आणि चाप ओढूनही गोळी सुटत नाही.

रिव्हॉल्व्हर अंगाला टेकवूनही चालतं. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. त्याचा डबल ॲक्शन (घोडाही स्वतःच मागे नेणारा) चाप मात्र लांब आणि जड असतो, सहसा १० ते १२ पौंडांचा. सराव नसेल तर नेम खाली आणि बाजूला जातो. रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या एक्स्ट्रॅक्टरखाली न जळलेल्या दारूचा एक कण जरी अडकला तरी सिलिंडर (काडतुसांचं फिरतं नळकांडं) फिरायचं थांबतं. रिकामी काडतुसं काढताना नळी खाली धरली की हा कचरा आत जातो. रिकामी काडतुसं काढताना नळी आकाशाकडे आणि नवी भरताना जमिनीकडे, ही सवय लावून घ्या.

हलक्या मॅग्नम (जास्त ताकदीच्या काडतुसांच्या) रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक दोष दिसतो. धक्क्याने शेजारच्या काडतुसांतल्या गोळ्या हळूहळू पुढे सरकतात आणि सिलिंडर जाम होतं. चाचणी सोपी आहे. एका काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजा, ते सगळ्यात शेवटी राहील असं भरा, आधीची सगळी झाडा आणि ते बाहेर काढून पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर तो दारूगोळा त्या रिव्हॉल्व्हरसाठी बाद.

माणसांपासून बचाव आणि काळ्या अस्वलांचा प्रदेश, एवढंच असेल तर पिस्तूल. सराव फारसा होणार नाही असं प्रामाणिकपणे वाटत असेल तरी रिव्हॉल्व्हर सोपं म्हणून घेऊ नका. हाताळायला ते सोपं आहे, पण नेमाने चालवायला अवघड.

कोणतं कॅलिबर?

ऊर्जेचे साधारण आकडे असे. ९ मिमी, १२४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी: सुमारे ३६० फूट-पौंड. .३५७ मॅग्नम, १५८ ग्रेन: सुमारे ५५०. १० मिमी, २०० ग्रेन: ६४० च्या आसपास. .४४ मॅग्नम, २४० ग्रेन: ९७० च्या घरात. नळीची लांबी आणि कंपनी यांनुसार हे आकडे बरेच हलतात. .३५७ तर दोन इंची नळीतून झाडलं की त्याची मोठी ताकद आगीच्या लोळात आणि आवाजात जाते.

पण अस्वलाच्या बाबतीत ऊर्जेपेक्षा गोळी किती खोल जाते ते महत्त्वाचं. ग्रिझलीची जाड कातडी, चरबी, खांद्याचं हाड आणि स्नायू भेदून आत पोचायचं असतं. २०१६ मध्ये अलास्कात एका मुरलेल्या गाइडने ९ मिमी पिस्तुलाने चालून आलेलं तपकिरी अस्वल थांबवलं. ही घटना ‘९ मिमी पुरतं’ म्हणून सांगितली जाते. त्या पिस्तुलात १४७ ग्रेनच्या कठीण शिशाच्या, खोल घुसणाऱ्या गोळ्या होत्या आणि हात अनेक वर्षं अस्वलांमध्ये वावरलेल्या माणसाचा होता, हे सांगायचं राहून जातं.

ढोबळ निवड अशी: शहर, महामार्ग आणि पूर्वेकडचे डोंगर यांसाठी ९ मिमी. काळ्या अस्वलांचा दाट वावर असेल तर .३५७ किंवा १० मिमी. ग्रिझलीच्या मुलखात १० मिमी किंवा .४४. त्यावरची .४५४ आणि .५०० ही बहुतेक हातांना झेपत नाहीत. पहिल्या गोळीनंतर नळी इतकी वर उडते की दुसरी वेळेत जात नाही. दुसरी गोळी एका सेकंदाच्या आत जिथे हवी तिथे लागत नसेल, तर एक पायरी खालचं कॅलिबर घ्या.

एखादं नाव सांगाल का?

९ मिमीत ग्लॉक १९: १५ गोळ्या, ४ इंची नळी, रिकाम्या मॅगझिनसह सुमारे ६७० ग्रॅम. सिग पी३६५ त्याहून लहान, रोज बाळगायला सोयीचं, पण धक्का अधिक. १० मिमीत ग्लॉक २०. .३५७ मध्ये स्मिथ अँड वेसन ६८६ किंवा रुगर जीपी१००, दोन्ही किलोच्या वर. .४४ मध्ये स्मिथ अँड वेसन ६२९. त्याच कंपनीचं ३२९पीडी जेमतेम ७०० ग्रॅमचं असल्याने पाठीवर सामान घेऊन चालणाऱ्यांना मोह पडतो. विकत घेण्याआधी त्यातून पूर्ण ताकदीची काडतुसं एकदा झाडून बघा, कारण त्याचा धक्का तळहात सोलून काढतो आणि सराव तिथेच संपतो.

गोळ्या कोणत्या भरायच्या?

माणसांपासून बचावासाठी होलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेली गोळी. ती आत फुलते, १२ ते १८ इंचांत थांबते आणि पलीकडच्या माणसाला लागण्याचा धोका कमी होतो. न्यू जर्सीत होलो पॉइंटवर वेगळे निर्बंध आहेत, ते आधी वाचा. मोठ्या अस्वलासाठी न फुलणारी, चपट्या नाकाची, कठीण शिशाची किंवा अखंड तांब्याची गोळी. ग्लॉकच्या नळीत आतून (गोळीला फिरकी देणारे) बहुकोनी पीळ असतात आणि कंपनीची पुस्तिका उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं सांगते. शिसं साचलं की दाब वाढतो. अशा वेळी तांब्याच्या गोळ्या निवडा किंवा साध्या पिळाची वेगळी नळी बसवा.

एकाच मॅगझिनमध्ये एकाआड एक दोन प्रकार भरू नका. कोणती गोळी कधी लागेल ते तुमच्या हातात नसतं.

पाठीवर मोठी सॅक असताना पिस्तूल कुठे ठेवायचं?

छातीवर. सॅकचा कमरपट्टा नेमका होल्स्टरच्या (पिस्तुलाच्या म्यानाच्या) जागी येतो. वरून पावसाळी जाकीट चढलं की कमरेवरचं पिस्तूल दोन्ही हातांनी शोधावं लागतं, आणि सॅकमध्ये ठेवलेलं तर नसल्यातच जमा. अस्वल ताशी ५०-५५ किलोमीटरने धावतं. म्हणजे शंभर फूट अंतर साधारण दोन सेकंदांत.

छातीचं होल्स्टर तिरपं बसतं आणि काढताना नळी डाव्या दंडावरून जाऊ शकते, म्हणून डावा हात छातीशी घट्ट धरून काढायची सवय लावा. होल्स्टरने चाप पूर्ण झाकलेला हवा, आणि उलटं करून हलवलं तरी पिस्तूल पडता कामा नये. कायडेक्स (कडक प्लास्टिक) पाण्यात टिकतं. चामडं अंगाला बरं वाटतं, पण ओलं झालं की धातूला गंज चढवतं. स्प्रे दुसऱ्या हाताच्या बाजूला ठेवा, म्हणजे दोन्हींची गल्लत होणार नाही. पिस्तूल परत ठेवताना जाकिटाची दोरी किंवा शर्टाची कड चापात अडकून गोळी सुटल्याच्या घटना घडतात. परत ठेवायची घाई कधीच नसते. बघून, सावकाश ठेवा.

चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या घरात) गोळी ठेवावी का?

चांगलं होल्स्टर आणि पुरेसा सराव असेल तर हो, कारण स्लाइड ओढायला दुसरा हात मोकळा मिळेलच असं नाही. तेवढा विश्वास नसेल तर आधी प्रशिक्षण घ्या. जुन्या रिव्हॉल्व्हरबाबत मात्र सावध राहा. १९७३ पूर्वीची रुगरची मूळ सिंगल ॲक्शन (घोडा आधी हाताने ओढायची) आणि कोल्टच्या जुन्या धाटणीची रिव्हॉल्व्हर्स घोडा भरलेल्या काडतुसावर ठेवून नेऊ नयेत. जमिनीवर पडली तर उडू शकतात. त्यांत सहाऐवजी पाचच भरा आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवा.

ट्रिपआधी काय तपासायचं?

सरावाच्या किमान २०० गोळ्या एकही अडथळा न येता चालायला हव्यात, आणि त्यानंतर जी सोबत नेणार त्याच काडतुसांच्या ५०. महाग पडतात, तरी झाडा. जड गोळी सरावाच्या गोळीपेक्षा वेगळ्या ठिकाणी लागते. २५ यार्डांवर हा फरक स्पष्ट दिसतो. मग फक्त उजव्या आणि फक्त डाव्या हाताने काही गोळ्या झाडा. एका हाताने अडथळे येत असतील तर ते जंगलात कळण्यापेक्षा रेंजवर कळलेलं बरं. रेंजवर कानांना दुहेरी संरक्षण हवं. मॅग्नमचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि गेलेलं श्रवण परत येत नाही.

उद्दिष्ट म्हणून इतकं ठेवा: होल्स्टरमधून काढून ७ यार्डांवर ८ इंची वर्तुळात पहिली गोळी दोन सेकंदांत, नेहमीच्या जाकिटात आणि सॅक पाठीवर असताना. घरी रोज दहा मिनिटं रिकाम्या पिस्तुलाने सराव करा. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि नेम अशा भिंतीवर धरा जी गोळी अडवू शकेल. सराव संपला की संपला. पुन्हा भरल्यावर ‘आणखी एकदाच’ करताना अपघात होतात.

नॅशनल पार्कमध्ये नेता येते का?

२२ फेब्रुवारी २०१० पासून, ते पार्क ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या कायद्यानुसार बाळगता येते. पण व्हिजिटर सेंटर, रेंजर ऑफिस अशा फेडरल इमारतींत मनाई आहे, आणि बाळगण्याची मुभा म्हणजे झाडण्याची मुभा नव्हे. यलोस्टोन तीन राज्यांत पसरलंय, हे लक्षात असू द्या. नॅशनल फॉरेस्टमध्ये राज्याचा कायदा चालतो, मात्र कॅम्पसाइट किंवा घरापासून १५० यार्डांच्या आत नेमबाजी करता येत नाही. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या तलावांवरची कॅम्पग्राउंड्स वेगळी: तिथे लेखी परवानगीशिवाय भरलेली बंदूक चालत नाही. बुकिंग करताना जागा नेमकी कोणाची आहे ते बघा.

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना?

परवाना आपोआप सगळीकडे चालत नाही. पेनसिल्व्हेनियाचा परवाना डेलावेअर नदीचा पूल ओलांडून न्यू जर्सीत शिरलात की निरुपयोगी. ॲपलेशियन ट्रेल १४ राज्यांतून जातो आणि त्यांत मेरीलँड, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स येतात. संपूर्ण ट्रेल एका परवान्यावर बंदूक घेऊन करता येत नाही.

१९८६ च्या फेडरल कायद्याने नुसतं पार जाणाऱ्याला संरक्षण आहे. अट अशी की निघण्याच्या आणि पोचण्याच्या दोन्ही ठिकाणी ती बंदूक तुम्हाला कायदेशीर हवी, ती रिकामी हवी आणि हाताला लागेल अशी नको. डिकी नसलेल्या गाडीत ती कुलूपबंद पेटीत हवी, आणि ग्लव्ह बॉक्स त्यात धरत नाहीत. वाटेत मुक्काम केला की हे संरक्षण डळमळीत होतं. २००५ मध्ये युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाची नेवार्कची जोड-फ्लाइट चुकली. तो बॅग घेऊन हॉटेलवर गेला, सकाळी विमानतळावर नियमाप्रमाणे पिस्तूल जाहीर केलं आणि त्याला अटक झाली. अपील कोर्टानेही त्याला या कायद्याचं संरक्षण दिलं नाही. अशी वेळ आली तर बॅग ताब्यात घेऊच नका, एअरलाइनकडेच राहू द्या.

विमानाने कसं न्यायचं?

रिकामं करून, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन सामानातच, आणि काउंटरवर स्वतःहून सांगून. किल्ली तुमच्याकडे ठेवा. काडतुसं मूळ किंवा तशाच खोक्यात. एअरलाइनचे वजनाचे नियम वेगळे असतात. सुरक्षा तपासणीत हातातल्या बॅगेत पिस्तूल सापडलं तर दंड हजारो डॉलरचा होतो, अटकही होऊ शकते.

नायगाराला कॅनडाच्या बाजूने जायचंय, किंवा भारतात यायचंय?

कॅनडात हँडगन नेऊ नका. ऑक्टोबर २०२२ पासून तिथे हँडगनची खरेदी-विक्री आणि हस्तांतर गोठवलेलं आहे, आणि सीमेवर न सांगता सापडली तर गुन्हा दाखल होतो. पूल ओलांडण्याआधी गाडीचे सगळे कप्पे तपासा.

भारतात ९ मिमी हे प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या मापात) मोडतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात हत्यार घेऊन शिरायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, त्यामुळे सह्याद्रीतल्या ट्रेकला हा विषयच लागू होत नाही. धोका वेगळाच असतो: रेंजवर वापरलेली बॅग घेऊन गावी जाणं. अस्तरात राहिलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावरच्या तपासणीत निघालं की आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवला जातो. रेंजची बॅग फक्त रेंजसाठीच ठेवा.

तंबूत मुलं असताना रात्री कुठे ठेवायचं?

बोटांनी दाबायच्या बटणांची छोटी पेटी, तारेच्या दोराने तंबूतल्या जड सामानाला बांधलेली, दर रात्री त्याच जागी. उशीखाली किंवा स्लीपिंग बॅगमध्ये अजिबात नाही. ट्रेलहेडवर उभ्या गाडीत पिस्तूल सोडणं म्हणजे ते चोराला देणं. अगदीच इलाज नसेल तर सीटच्या सांगाड्याला बांधलेली पोलादी पेटी हवी.

पाऊस, घाम, थंडी?

ओलं झालं की त्याच संध्याकाळी काडतुसं काढा, पुसा आणि पातळ तेलाचा हात फिरवा. छातीवरचं पिस्तूल घामातल्या मिठाने गंजतं, स्टेनलेससुद्धा. कडाक्याच्या थंडीत जाड तेल घट्ट होऊन स्लाइड मंदावते, तेव्हा तेल नावापुरतंच ठेवा. थंडीतून उबदार खोलीत आणलं की आत दव धरतं. ते परत बाहेर गोठतं.

अस्वलावर गोळी झाडावी लागली तर पुढे काय?

आधी तिथून दूर व्हा. जखमी अस्वलाच्या मागे झाडीत जाऊ नका. जागा लक्षात ठेवा, फोटो काढा, काहीही हलवू नका आणि फोनला रेंज मिळताच ९११ किंवा रेंजरला कळवा. खालच्या राज्यांत ग्रिझली संरक्षित आहे. जीव वाचवण्यासाठी मारलेली ग्रिझलीही पाच दिवसांच्या आत फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसला कळवावी लागते. अलास्कात १५ दिवसांच्या आत लेखी अहवाल द्यावा लागतो, शिवाय नखांसकट कातडं आणि कवटी काढून राज्याकडे जमा करावी लागते. ते काम तुमच्यावरच पडतं, म्हणून तिकडे जाताना धारदार सुरी आणि दोर सोबत असू द्या.